तिच्या छातीवरचा कॅमेरा

मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, "कॅमेरावाली पाठवा." हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढे मी ज्यांच्या नावाने बोटं मोडणार आहे, त्यांच्यातून स्वतःला अलगद वगळून टाकीन.

आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आठवड्याने ती घरी आली. सोबत वॉकर, कमोडची खुर्ची आणि गोळ्यांची भलीमोठी पिशवी. आमचं घर मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन खूप वर्षं झाली आणि मी लग्न केलं नाही. मी अंधेरीला एका विमा कंपनीत क्लेमच्या फायली तपासते. लोकांनी दिलेल्या कागदांत खोट कुठे आहे ते शोधायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. सकाळी आठला निघते, संध्याकाळी सातला परत. तेवढा वेळ आईजवळ कुणीतरी हवं होतं.

घाटकोपरची एक एजन्सी कुणीतरी सुचवली. फोनवरच्या मुलीने वय, वजन, डायबेटिस आहे का, सगळं विचारलं आणि मग म्हणाली, "अटेंडंट विथ कॅमेरा हवी की विदाउट?"

तिने समजावून सांगितलं. बाईच्या छातीवर एक छोटा कॅमेरा असतो. ती ड्युटीवर असेपर्यंत तो सुरू. आपल्या मोबाइलवर अॅप टाकायचं, मनात येईल तेव्हा उघडून बघायचं, आवाजही येतो. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्याशा घरात एक आया अंथरुणातल्या म्हातारीच्या थोबाडीत मारत होती. मी तो तीनदा पाहिला होता. म्हणून जराही विचार न करता म्हणाले, कॅमेरावाली पाठवा. मग मोबाइलवर एक लांबलचक फॉर्म आला. मी बोटाने सरकवत सरकवत शेवटी गेले आणि सही केली. दुसऱ्यांचे फॉर्म ओळ न् ओळ वाचणारी मी.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला ती आली. चाळिशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले, निळा युनिफॉर्म. गोवंडीहून यायची. युनिफॉर्मच्या खिशाला चिमट्याने लावलेला काळा गोल कॅमेरा, जुन्या चार आण्याहून थोडा मोठा, त्यावर हिरवा ठिपका. चपला दाराबाहेर काढल्या, हात धुतले, आईच्या पायाशी बसली आणि विचारलं, "आजी, कुठल्या कुशीवर झोपायला बरं वाटतं?" मला बरं वाटलं. मी निश्चिंत मनाने ऑफिसला गेले.

पहिले काही दिवस मी त्या अॅपला चिकटलेच होते. डबा खाताना मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायची. ती आईला भरवतेय, आईचे पाय चोळतेय, केस विंचरतेय. चित्र तिच्या छातीच्या उंचीवरून दिसायचं, त्यामुळे तिचे फक्त हात दिसत आणि समोर आई. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून म्हणायची, "काय मस्त आहे गं हे. आमच्या सासूला पण लावायला हवं." मी तिलाही दाखवायची. आईचा गळलेला चेहरा, गाऊनचं उघडं बटण, हनुवटीवरून ओघळलेलं वरण. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे आठवलं की आज माझाच मला संताप येतो.

एकदा दुपारी कॅमेऱ्यात नुसती भिंत दिसत होती. पंधरा मिनिटं भिंत. मी लगेच अॅपमधूनच फोन लावला. "काय करताय?" ती म्हणाली, "आजी झोपल्यात ताई. मी जेवतेय." ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मी "बरं" म्हणून ठेवून दिला.

आणखी एकदा मी आईला तिच्याशी बोलताना ऐकलं. आई हळू आवाजात, तिच्या मालवणीत सांगत होती, "रात्री माझा अंथरूण ओला होता. माझ्या चेडवाक सांगू नको हां. ती रागावणा नाय, पण तोंड असा करता." मी ऑफिसात कानात इअरफोन घालून बसले होते, समोर कुणाची तरी अॅपेंडिक्सची फाइल उघडी. मी तोंड कसं करते ते मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी आईशी मुद्दाम गोड बोलले आणि तिच्या लक्षात आलं असणार. तिने माझ्याकडे दोनदा संशयाने पाहिलं.

आठ-दहा दिवसांनी आईने तक्रार केली.

"ह्या बायेक माझी किळस येता गो."

"का? काय म्हणाली का तुला?"

"म्हणणा काय नाय. पण आंघोळ घालताना माझ्याकडे बघणा नाय. भिंतीकडे तोंड करून उभी रवता नि हात मागे घालून साबण लावता. मी काय कुजलंय?"

आणि आई रडायला लागली. माझी आई सहसा रडत नाही. लालबागच्या एका खोलीत तिने गिरणीतल्या पंधरा माणसांची खानावळ चालवली होती. दारात माणसं जेवत असायची आणि ही मोरीला जुनी साडी लावून आंघोळ उरकायची. बाहेर यायची ती पूर्ण नेसून, पदर खोचून. इतक्या दाटीत इतकी वर्षं राहून परक्या माणसाला तिचा उघडा दंड कधी दिसला नसेल. त्या बाईला ऐंशीव्या वर्षी स्टुलावर नागडं बसून दुसऱ्याच्या हाताने आंघोळ करून घ्यावी लागत होती आणि ते हातसुद्धा तिला किळसत होते, असं तिला वाटत होतं.

माझं डोकं सणकलं. सकाळी त्या बाईला विचारायचं सोडून मी ऑफिसातून थेट एजन्सीला फोन केला. "तुमची बाई माझ्या आईकडे बघतसुद्धा नाही. पाठ करून आंघोळ घालते. ही काय पद्धत झाली?" पलीकडून अत्यंत नम्रपणे सांगण्यात आलं की तक्रार नोंदवली आहे, दोन दिवसांत कळवतो.

त्यांनी खरंच कळवलं. सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. तरुण पुरुषाचा आवाज, गोड, शिकवल्यासारखा.

"मॅडम, तुमची कंप्लेंट मी स्वतः चेक केली. यू आर राइट. सगळ्या दिवसांचं फूटेज बघितलं. आंघोळीच्या टायमाला कॅमेरा पूर्ण वेळ भिंतीकडेच होता. तिला स्ट्रिक्ट वॉर्निंग दिली. काल आणि आज तिने प्रॉपर फेस करून आंघोळ घातली, मी दोन्ही दिवसांचं बघितलं. आता काही प्रॉब्लेम नाही."

मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये उभी होते.

"अजून एक मॅडम. पेशंटच्या कमरेच्या खाली, डाव्या साइडला, एक लाल चट्टा दिसतोय. बेडसोअरची सुरुवात असू शकते. थोडं झूम करून बघितलं मी. डॉक्टरांना दाखवून घ्या."

"तुम्ही बघितलंत?" मी विचारलं.

"हो मॅडम, क्वालिटीला मीच आहे."

तो मदत करत होता. त्याच्या आवाजात चांगलं काम केल्याचं समाधान होतं. मी फोन ठेवला आणि बायकांच्या टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावून उभी राहिले. आईची आंघोळ दहाला होते. त्या वेळी मी फायलींत असते, म्हणून मी ती कधी अॅपवर पाहिली नव्हती. आणि मी पाहत नाही म्हणजे कुणीच पाहत नाही, असं मी धरून चालले होते. माझी आई, जिने मी मोठी झाल्यावर मला स्वतःच्या पोटावरचा टाक्यांचा व्रण कधी दाखवला नाही, तिची कंबर घाटकोपरच्या कुठल्याशा ऑफिसात एक तरणाबांड माणूस बोटांनी मोठी करून बघत होता. आणि बघ म्हणून मीच त्याला सांगितलं होतं.

तेव्हाच मला ते भिंतीकडे तोंड करणं कळलं. पूर्ण नाही, पण कळलं.

मी अर्धी सुट्टी टाकून घरी आले. ती आईच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होती. मी म्हणाले, "मला तुमच्याशी बोलायचंय." तिने काही न बोलता छातीवरच्या हिरव्या ठिपक्याकडे एक बोट केलं आणि मान हलवली. मी गप्प बसले. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत मी गप्प बसले. ड्युटी संपल्यावर दारात उभं राहून तिने मोबाइलवर काहीतरी दाबलं, ठिपका विझला. मग मी चपला घालून तिच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत गेले.

"तुम्ही पाठ का करत होतात?" मी विचारलं.

तिने वाकून बस येते का ते बघितलं. "कॅमेरा छातीवर आहे ना ताई. मी जिकडे तोंड करीन तिकडे त्याचं तोंड. आजींना उघडं कसं दाखवू? माझी पण आई आहे. म्हणून उलटी उभी राहून हाताच्या अंदाजाने घालायचे. सवय झाली होती."

"काढून ठेवायचा आंघोळीपुरता."

"काढला की तिकडे लगेच समजतं. त्या दिवसाचा खाडा लागतो. झाकला तरी समजतं. टॉयलेटला जाताना पाच मिनिटं बंद करता येतो, दिवसातून दोनदा. तिसऱ्यांदा जायचं झालं की तसाच घेऊन जायचा. मी वर बघत बसते, छताकडे. दुसरं काय करणार."

"मला सांगायचं तरी."

"कसं सांगणार? बोललेलं पण ऐकू जातं." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "आणि मागितला तर तुम्हीच ना ताई. सगळ्या घरी नसतो. ज्यांना पाहिजे त्यांच्याकडेच असतो."

बस आली. चढताना ती वळून म्हणाली, "चट्ट्याचं त्यांनी मला पण फोनवर सांगितलं. मला तो आधीच कळला होता. हाताला लागला होता. पावडर लावत होते. तुम्हाला उद्या कागदावर लिहून देणार होते."

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी पावणेआठला बेल वाजली तेव्हा दारात निळ्या युनिफॉर्ममधली दुसरीच बाई होती, वीस-बावीस वर्षांची, छातीवर तोच हिरवा ठिपका. मी म्हणाले, "तू परत जा. मला नकोय." तिचा चेहरा पडला. "असं नका करू मॅडम, माझ्या नावावर रिजेक्ट लागेल." मी तिला आत घेतलं, हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि आईच्या खोलीचं दार लावून त्या दिवशीची आंघोळ मी घातली. ऑफिसला फोन करून रजा टाकली. मग तिला म्हणाले, मी येईपर्यंत इथेच बस, आईने हाक मारली तरच आत जा, आणि मी घाटकोपरला गेले.

मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्याला ते ऑफिस. बाहेरच्या खोलीत वृद्धांचे हसरे फोटो. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि तिथे टेबलावर तीन स्क्रीन होते, प्रत्येकावर चौकोन चौकोन. एक मुलगी फरसाण खात बघत होती. एका चौकोनात कुणाचं तरी देवघर, निरांजन लावलेलं. एकात कणीक. एकात एक आजोबा, त्यांची कवळी काढून वाटीत ठेवत होते, आणि त्यांचं ते पोकळ झालेलं तोंड अगदी समोर. मला त्यांची इतकी लाज वाटली की मी मान फिरवली. मग वाटलं, मान फिरवून काय उपयोग, दारं उघडी ठेवणाऱ्यांत आपण आहोतच.

मॅनेजरने ते दार लोटून घेतलं आणि मला शेजारच्या केबिनमध्ये नेलं. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. "पाणी घ्या मॅडम आधी."

"पाणी नको. माझ्या आईचं सगळं चित्रण पुसून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

"तसं होत नाही मॅडम. डेटा इथे नसतो. सर्व्हरवर असतो."

"सर्व्हर कुठे आहे?"

त्याने केबिनच्या कोपऱ्यात फोनवर बोलणाऱ्या सहकाऱ्याकडे बघितलं, सहकाऱ्याने खांदे उडवले. "ते टेक्निकल टीम बघते."

"आंघोळीचं चित्रण तुमचा पुरुष बघतो. तुम्हाला हे चालतं?"

"मॅडम, तुमच्याच कंप्लेंटवर बघितलं. आणि कन्सेंट आहे ना तुमची." त्याने संगणकावर माझा फॉर्म काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे होतं सगळं. वैयक्तिक स्वच्छतेच्या वेळचं चित्रण. सेवेचा दर्जा तपासण्यासाठी. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची संमती. खाली माझी सही.

"प्रशिक्षण म्हणजे? नव्या बायकांना माझ्या आईची आंघोळ दाखवणार तुम्ही?"

"चेहरा ब्लर करतो आम्ही."

"चेहरा," मी म्हणाले. "तुम्ही चेहरा झाकता."

त्याला मी काय म्हणतेय ते कळलं नाही. खरंच कळलं नाही, तो नाटक करत नव्हता. मग माझा आवाज चढला. मी त्याला विचारलं, तुझी आई आंघोळ कशी करते ते दाखव, चेहरा झाकून दाखव. बाहेरची माणसं उठून दारात आली. तो लालबुंद झाला आणि म्हणाला, "मॅडम, लँग्वेज." मी म्हणाले, लँग्वेज अजून सुरू व्हायची आहे. आयुष्यात ऑफिसात मी कधी अशी बोलले नव्हते. माझ्यासमोर रोज रडणारी, चिडणारी माणसं येतात आणि मी त्यांना त्याच्या मघाच्याच थंड आवाजात सांगते की नियमात बसत नाही. आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते.

शेवटी त्याने माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला. चित्रण पुसण्याची विनंती. त्याला नंबर दिला. "आणि ती बाई आम्ही काढून टाकली," तो मला शांत करायला म्हणाला. "तुमच्या समाधानासाठीच."

मी सांगितलं, तिची काही चूक नव्हती, तक्रार मागे घेते. तर म्हणाला, तक्रार एकदा क्लोज झाली की मागे घेता येत नाही.

अर्जाचं पुढे काय झालं? ईमेल आलं, तुमच्या विनंतीवर कार्यवाही करण्यात आली आहे. कुठली कार्यवाही, कुणी केली, कुठून काय पुसलं, काही नाही. मी चार वेळा उलट लिहिलं. चारही वेळा तेच उत्तर. ते चित्रण आहे की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

आईला सांगायचं की नाही, यात मी दोन दिवस काढले. रजा वाढवली होती, आंघोळ मीच घालत होते. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "ती बाय खय गेली? माझ्या बोलण्याचा तिका वाईट वाटला काय?" तेव्हा मी सगळं सांगितलं. कॅमेरा काय होता तेही. तिला तो बिल्ला वाटला होता, हॉस्पिटलातल्या नर्सला असतो तसा. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

तिने गाऊनचं वरचं बटण लावलं.

"म्हणजे त्या बायेन माझी लाज राखल्यान," ती म्हणाली. "नि मी तिका नाय नाय ता बोललंय."

"हो."

"नि तू? तू हापिसात बसान माका बघी होतंस?"

"आंघोळ नाही गं. जेवताना वगैरे. तुझी काळजी म्हणून."

"माका विचारलंस?"

मी तिच्या पायावरची चादर सारखी करायला लागले.

"अंथरुणाचा ऐकलंस तू. माका वाटलाच होता." तिने तोंड भिंतीकडे केलं. पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिच्या रागापुढे माझा घाटकोपरचा राग म्हणजे पोरखेळ होता. सहाव्या दिवशी म्हणाली, "तिका शोधून काढ."

माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. एजन्सी देत नाही, सगळं त्यांच्या अॅपमधून. मला तिचं नाव माहीत होतं आणि आईला तिने सांगितलेलं एवढंच, की घर गोवंडीत, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यामागच्या गल्लीत, आणि नवरा घरी शर्टांना काजं करतो. रविवारी मी गेले. गल्ली एका माणसाच्या रुंदीची. दोघी-तिघींना विचारलं तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून उलट विचारलं, "कंपनीकडून आलात का?" मी नाही म्हटलं तरी विश्वास बसेना. शेवटी शिलाई मशीनचा आवाज ऐकून मी एका दारापाशी थांबले आणि तीच बाहेर आली.

तिने दारावरचा पडदा मागे ओढून घेतला आणि बाहेरच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"आजींचा चट्टा कसा आहे?" तिने पहिलं हेच विचारलं.

"सुकला. डॉक्टरांना दाखवला."

"कुशीवर वळवता ना दोन-दोन तासांनी?"

"वळवते." मग मी माफी मागितली. नीट जमली नाही. आईचा निरोप सांगितला, तो मात्र तिने लक्षपूर्वक ऐकला आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "आजींना मी पहिल्याच दिवशी खुणेने सांगायला पाहिजे होतं."

ती अजून घरीच होती. दुसऱ्या दोन एजन्स्यांत विचारलं तर दोघांनीही मोबाइलवर तिचं नाव टाकून बघितलं आणि नंतर कळवतो म्हणाले. तिच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते तिला कुणी दाखवलं नाही. जिने माझ्या आईचं अंग झाकलं, तिच्या नावापुढे काहीतरी कायमचं लिहून ठेवलं गेलं, आणि ज्याने झूम करून बघितलं त्याला बहुतेक शाबासकी मिळाली असेल.

मी म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे या. एजन्सी नको, कॅमेरा नको, काही नको. आपण दोघी ठरवू."

तिने विचार केला, खरंच केला. मशीनचा आवाज थांबला होता, नवरा आतून ऐकत असावा. मग ती म्हणाली, "नको ताई. राग नाही. पण तुमच्या घरात मला सारखं वाटत राहील, कुणीतरी बघतंय. आजींकडे पण मग नीट बघता येणार नाही."

मी परत आले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आसा तिचा."

आता आई वॉकर घेऊन स्वतः बाथरूमपर्यंत जाते. दुपारी आमच्याच मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका तिच्याजवळ येऊन बसतात. महिन्याभरापूर्वी आमच्या सोसायटीची सभा झाली. वॉचमन आणि कचरा उचलणाऱ्या बायकांच्या छातीवर कॅमेरे लावायचे, असा ठराव. चोऱ्या वाढल्यात, सेफ्टी हवी. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझा विरोध आहे. सेक्रेटरी म्हणाले, "कारण सांगा ना." सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओळखीचे चेहरे, आईला 'आजी' म्हणणारे. कारण सांगायचं तर त्या सगळ्यांसमोर मला आईला पुन्हा स्टुलावर बसवावं लागलं असतं. मी म्हणाले, "हे ज्यांच्या दारात जातील, त्या प्रत्येकाच्या घरातलं सगळं दिसेल. कोण बघणार ते?" कुणीतरी मागून म्हणालं, "लपवण्यासारखं नसेल तर घाबरायचं काय?" लोक हसले. ठराव पास झाला, माझं एकटीचं मत विरोधात. घरी येऊन मी स्वयंपाकघरात भांडी आपटली.

आई आतून म्हणाली, "काय झाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग लिव की. तुका लिवक येता."

"तुझं लिहावं लागेल."

"नाव घालू नको. नि त्या बायेचा चांगला लिव."

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी पुन्हा. एक प्रसंग तिने काढायला सांगितला. मला तो फार महत्त्वाचा वाटत होता, मी हुज्जत घातली. ती म्हणाली, "माझो आसा तो." मी काढला.